चार पायपांचा चौकोन

ग्लेनिसने पांढरे पायप जोडून चौकोन केला,
एक मीटर गुणिले एक मीटर,
आणि मी दाखवली तिथं, वरच्या कुळागरात, ठेवला.
मुद्दामच दाखवली होती ती जागा.
स्वच्छ. पायाखाली काय वळवळेल ही भीती नाही.
पाट बुजवून स्प्रिंकलर घातला त्या वर्षापासून
वर्षाला दोन फवारे, आणि माती अशी
की पडलेली सुपारी दहा हातांवरून दिसते.

ती गुडघ्यांवर बसली. वहीत लिहिलं:
रानमोडी तीन, लव्हाळा, पोफळीचं एक रोप.
पान उलटलं. परत मागं आली.
"इतकंच?"
मला वाटलं, कौतुक आहे.

खालचा भाग वादात आहे.
चुलतभावाची केस, अकरा वर्षं.
तिथं ना तो फवारत, ना मी.
फक्त गुणी गावडी वर्षातून दोनदा कोयती घेऊन जाते,
गाईसाठी कापते, बोटभर बुडखा ठेवून.
पाटाला अजून पाणी आहे तिथं.

चौकोन ठेवला तर टेकेना,
चारी कोपरे हिरव्यावर तरंगत राहिले.
ब्राह्मी. माका. भुईआवळी. तेरडा, दोन रंगांचा.
तीन जातींचे नेचे, मला एकच वाटलेले.
गवतात एक आमरी, पांढरी, करंगळीएवढी,
जिच्यावरून मी चाळीस वर्षं
आंघोळीला झरीवर गेलो असणार.
सतराव्याला ग्लेनिसचं पुस्तक संपलं.
पुढची नावं गुणीनं सांगितली,
ग्लेनिसनं रोमी अक्षरांत उतरवली, दोनदा विचारून.
"हिला नाव ना," गुणी म्हणाली एकीला,
"पण वासराक हागवण लागली की हीच."
ग्लेनिसनं तेही लिहिलं.
एकतीस.
मी त्या सगळ्याला एकच शब्द वापरत आलो होतो: रान.

गेल्या चवथीला माटोळीसाठी
फोंड्याच्या बाजारात कांगलांचा घोस घेतला, साठ रुपये.
घासाघीस केली. विकणारी हसली.
"भाटकारा, तुमच्याच वंयवरची ती.
सकयल्या."

फवाऱ्याचा पंप गोठ्यात खुंटीला आहे.
त्याचा पट्टा माझ्या खांद्याच्या मापाचा झालाय.
टाकून दिला असं म्हणणार नाही,
म्हटलं तर खोटं होईल;
मजूर मिळत नाही, आणि गुणीची गुडघेदुखी
गुणीलाच ठाऊक.

ग्लेनिस चौकोन विसरून गेली, खालीच.
पंधरा दिवसांनी पाहायला गेलो,
तर एका बाजूवर वेल चढलेला,
कसला, ते विचारायचं राहिलं.

अठराला तारीख आहे.
वकील म्हणतो, या वेळी निकाल आपल्या बाजूनं,
जमीन मोकळी मिळेल.
मोकळी, म्हणतो.