टाकणखार

काचेचं भांडं नको, प्लास्टिकचं घे,
वायंगणकर पहिल्याच दिवशी म्हणाले होते.
काचेतही असतो तो, बोरॉन.
चोराच्या घरात बसून
चोर मोजता येत नाही.

माहुलच्या त्या सोसायटीचं बोअरचं पाणी
मी कॅनमध्ये भरून आणलं.
नितळ. इतकं नितळ की वॉचमन
ओंजळभर पिऊन दाखवत होता,
‘काय आहे साहेब यात?’
गच्चीवर पिंपात लावलेलं लिंबाचं झाड,
पानांच्या कडा जळालेल्या,
कुणी उदबत्तीनं कडेकडेनं डागल्यासारख्या.
मी काही बोललो नाही.
एक पान तेवढं वहीत घातलं.

बशीत थेंब आटवायचे. त्यावर हळदीचा अर्क, आम्ल,
पुन्हा आटवायचं, हळू, घाई केली की आकडा खोटा येतो.
मग तळाशी उमटत जातं
लाल.

हा लाल मला लहानपणापासून ओळखीचा.
भुलेश्वरच्या पोटमाळ्यावर मावशी कुंकू करायची:
हळकुंडं, टाकणखार, लिंबाचा रस,
सावलीत वाळवलेलं, उन्हात कधीच नाही.
तिच्या तळव्यांच्या रेघा बारा महिने लाल.
रेशनिंगच्या कचेरीत अंगठा द्यायला गेली
की कारकून शाईचं पॅड मागे ओढायचा,
‘तुमचं तुमच्यापाशी आहेच, मावशी.’
बोरॉन हा शब्द तिनं ऐकला नव्हता.
माझं पन्नास हजारांचं यंत्र
तिच्या बोटांनी आधीच सांगून टाकलेलं
चार दशांशांपर्यंत सांगतं, एवढंच.

चार पूर्णांक दोन.
अर्ध्याच्या आत हवं.

सेक्रेटरी हॅरिएटबाई परेरा चिडल्या.
‘अहो, एवढं महागाचं फिल्टर बसवलंय की!’
त्यांना कसं सांगू?
त्याच्यावर भार नाही, ना धन ना ऋण.
लग्नाच्या मांडवात न बोलावता आलेला माणूस जसा,
मुलीकडच्यांना वाटतं मुलाकडचा,
मुलाकडच्यांना वाटतं मुलीकडचा,
आणि तो आरामात पंगतीला बसलेला.

म्हणून रेझिन.
राजगिऱ्याएवढे मळकट पांढरे मणी,
नळीत ओले करून ठासलेले.
प्रत्येक मण्याला साखरेच्या जातीचे हात,
मीठ जाऊ देतात, चुना जाऊ देतात,
फक्त याला दोन्ही बाजूंनी
कवेत घेतात आणि सोडत नाहीत.
रात्रभर मी थेंब मोजत बसलो,
बाहेर रिफायनरीची ज्योत
खिडकीच्या गजांना रंग देत होती.
पहाटे बशी आटवली.

पिवळी.
तळापर्यंत पिवळी.
हळदीचं कुंकू होऊ नये
म्हणून असा श्वास रोखून बसलेला
आमच्या घराण्यातला मी पहिलाच.

हॅरिएटबाईंनी पेढे आणले, प्रयोगशाळेत खायची बंदी,
म्हणून जिन्यात उभं राहून खाल्ले.
मग त्यांनीच विचारलं,
‘आणि मणी भरल्यावर?’
आम्ल सोडायचं, मग ते हात उघडतात.
मग कॉस्टिक, मग पाणी, मग पुन्हा रिकामे, नव्यासारखे.
‘नाही, ते सुटलेलं कुठे जातं?’
मी कोपऱ्यातल्या निळ्या पिंपाकडे बोट केलं.
सबंध बोअरवेलचा कडवटपणा, चाळीस लिटरांत.
गाडी येते, म्हणालो. घेऊन जाते.
‘कुठे?’
पेढ्याचा कागद
मी बराच वेळ घडी घालत राहिलो.

त्या रविवारी घरी
धाकटी कॅरमवर बोरिक पावडर उधळत होती, मूठ मूठ,
सोंगट्या बर्फावरून गेल्यासारख्या जात होत्या.
राणी घेतली, कव्हरही केली,
ओरडली, उठली,
बेसिनवर हात धुतले.
पांढरं पाणी गोल फिरून
खाली गेलं.

मी बघत होतो.
‘बाबा, तुमची पाळी.’
मी पावडरीत बोट बुडवलं
आणि नेम धरला.