डोळा

शेंदुरजनाघाटच्या नर्सरीत बाबांनी
चाळीस वर्षं जंभेरीच्या खुंटावर संत्र्याचे डोळे बांधले.
चीर द्यायची, साल हलकेच उचलायची,
डोळा आत सरकवायचा, वरून पट्टी.
एकविसाव्या दिवशी पट्टी सोडताना
डोळा हिरवा दिसला तर बोलायचं नाही,
पुढच्या रोपाकडे सरकायचं.

म्हणून नागपूरला डॉक्टरांनी
कागदावर गोल काढून सगळं समजावलं तेव्हा
बाबा एवढंच म्हणाले,
"म्हंजे खुंट पोराचा, डोळा पोरीचा."

चार तास पडून होते, दोन्ही हातांत सुया.
पिशवी भरली ती टमाट्याच्या साराच्या रंगाची.
प्रज्वलला ती एका दुपारीच चढली.
आई विचारत राहिली, एवढंच?

सतराव्या दिवशी डोळा धरला.
त्याचा रक्तगट ओ होता,
हळूहळू बी झाला. माझा.
कुणी बोललं नाही.

तिसऱ्या महिन्यात तळहात लाल झाले.
मग कानाच्या पाळ्या, मग पाठ,
मग तोंडात जखमा, आणि
आई मापाच्या भांड्यात जुलाब मोजून वहीत लिहू लागली.

पाचवीत असताना मी त्याच्या दंडाला चावले होते,
सायकलवरून.
तो वण अजून आहे.
आता आतून चावते आहे,
मला न विचारता.

बाबा कलमाचा चाकू पुसत बसले होते.
"खुंटाचे फुटवे छाटले म्या हजारो.
खुंटानं डोळा नाकारलेला पाह्यला.
डोळ्यानं खुंट खाल्लेला नाई पाह्यला."

डॉक्टर म्हणाले, थोडं भांडण असू द्या,
त्याच रागात जुना कॅन्सरही सापडतो.
किती थोडं,
त्याचं माप त्यांच्याकडेही नव्हतं.
गोळ्या होत्या. सकाळी नऊ, रात्री नऊ.

आता पौष आहे. तो ओट्यावर बसतो,
पूर्ण बाह्यांचा शर्ट, मास्क, फुगलेला चेहरा.
उन्हात जायचं नाही, मातीत हात घालायचा नाही.
समोरून संत्र्याचे ट्रक जातात.
मागच्या रविवारी त्यानं चोरून अर्धी फोड खाल्ली
आणि ओठ आवळून
भिंतीकडे तोंड करून बसला.

डोळे कोरडे पडलेत.
दर दोन तासांनी थेंब.
मी सुट्टीत आले की ते काम माझं.
परवा बाटली उघडताना मलाच भरून आलं
तर म्हणतो,
"माये आसू तुया पेशीइनं पेले वं.
आता दोघाईच्या वाटचं तूच रड."

रडले नाही. हसूच आलं, तेही धड नाही.

आधी डावा.
पापणी खाली ओढते,
बाबा साल उचलतात तशी.
हलू नको, म्हणते.
तो हलतो.