विक्रीचा दाखला

मेढ्याच्या वर, घाट संपतो तिथं
जांभ्याच्या पठारावर नऊ भोकं,
आणि बँकेला त्यांची किंमत हवी शुक्रवारपर्यंत.

मी आजवर साखर कारखाना मोजलाय,
दोन मंगल कार्यालयं, एक बंद पडलेलं थिएटर,
वाईतली हळदीची वखार, जिच्या भिंतींचा वास
घसाऱ्यात कुठं धरायचा ते उमगलं नव्हतं.
गोल्फ पहिल्यांदाच.

मॅनेजर म्हणाले, मॅडम, बग्गी घ्या.
मी चालत निघाले. जमीन पायानं मोजावी,
एवढं एक माझे वरिष्ठ शिकवून गेले.
सोबत बयाजी ढेबे. पदाचं नाव ग्रीनकीपर.
पूर्वी याच माळावर त्यांच्या सोळा म्हशी,
आता गवत वाढू न देण्याचा पगार.

पत्रक उघडलं.
क्षेत्र: एकतीस हेक्टर.
माती: बाहेरची, चारशे डंपर.
वाळू: पांढरी, मुद्दाम केलेल्या खड्ड्यांत.
"खड्डे मुद्दाम?"
"हो. ज्याचा चुकतो त्याच्यासाठी."
रकान्यात लिहिलं: खड्डे, बावीस, सुस्थितीत.

तिसऱ्यापाशी त्यांनी चपला काढल्या.
"इथलं बघा." मीही काढल्या.
गवत गार, दाट, नुकत्या भादरलेल्या डोक्यासारखं.
"आणि हे सहावं."
तिथं टाच किंचित रुतली.
"पाणी बसतंय खाली. साहेबलोकांना हिरवं दिसतं,
चेंडूला कळतं."
माझ्याकडे टेप, लेव्हल, उपग्रहाचा नकाशा.
टाचेला एकक नाही.

मैदानाचं वय विचारलं.
"एक कारवी झाली," म्हणाले.
म्हणजे आठेक वर्षं, आणि त्यात एकदाच
कडेचा सगळा उतार जांभळा होऊन वाळला.
त्या ऑक्टोबरात खेळायला आलेली माणसं
काठ्या टाकून फोटो काढत होती.
उत्पन्नाच्या वहीत तो महिना साधाच.

जून ते सप्टेंबर बंद.
"मग काय असतं इथं?"
"धुकं. झेंडेसुद्धा काढून ठेवतो,
नाहीतर वारा नेतो. भोकांत बेडूक असतात.
एका भोकात एकच. दुसरा आला की भांडण."
उत्पन्न: आठ महिने, असं लिहून
मी पेनाला टोपण लावलं.

सातवं कड्यावर आहे.
खाली कोयनेचं पाणी, त्यात एक लाँच,
इतकी हळू की थांबल्यासारखी.
माहितीपुस्तिकेत ह्या एका भोकाचे अकरा फोटो.
सरकारी दर पाहिला: उताराची पडीक, शेतीस अयोग्य.
हसू आलं.
मॅनेजरांचा दर ऐकला, तेव्हाही आलं.
ह्या दोन हसण्यांच्या मधे कुठंतरी
मला आकडा टाकायचा होता.

नियम असा, की आसपासचा विक्रीचा दाखला जोडावा.
आसपास काय? स्ट्रॉबेरीचे वाफे, मधपेट्यांची शेड,
एक धनगरवाडा, ज्याचा भाव कुणी विचारत नाही.

"मारून बघा एक," बयाजी म्हणाले.
काठी दिली. पकड सांगितली: धार काढताना धरतो तशी,
आवळायचं नाही, सोडायचंही नाही.
मी मारला.
चेंडू झेंड्याकडे गेलाच नाही,
कड्यावरून खाली, बराच वेळ पांढरा,
मग नुसती दरी.
आवाजाची वाट पाहिली आम्ही दोघांनी.

"किती झाले?"
"नवा दीडशेचा. हा पोरांनी कारवीतून हुडकलेला, वीस."
मी वीस दिले. पावती हवी का, त्यांनीच विचारलं,
आणि पोराच्या वहीचं पान फाडून लिहिली:
चेंडू एक, सातव्यावरून गेला. रुपये वीस मिळाले.
तारीख. सही, प्रत्येक अक्षर वेगळं.

शुक्रवारी अहवाल गेला. आकडा बरोबर आहे,
कुणी विचारलं तर पायरीपायरीनं मांडून दाखवीन.
सहाव्याखालचं पाणीही आहे त्यात, ढेब्यांच्या नावानं.
सोमवारी बँकेतून फोन:
मॅडम, जोडपत्र क मध्ये हे काय लावलंय?
म्हटलं, विक्रीचा दाखला.
एवढाच मिळाला.