आरसा लावायचा राहिला

थंडर बे बंदरावर माझं काम असं:
दहा मजली कणग्यांतून गहू सोडायचा,
लोखंडी सोंड जहाजाच्या पोटावर आणायची,
वीतभर इकडे नाही, वीतभर तिकडे नाही.
मागच्या मंगळवारी तेवीस हजार टन भरले.
मूठभर सांडला असेल, तो कबुतरांचा.

आणि घरी ही पेटी.
पावाच्या डब्याएवढी, पुदिन्याच्या रंगाची,
सवलतीत घेतलेली,
कारण नणंद काइसा म्हणाली,
"अगं, आपल्याला काहीच करावं लागत नाही.
मशीनच कापतं."

नमनालाच घडाभर तेल.
आधी नाव विचारलं, मग पासवर्ड,
मग पाऊण तास स्वतःलाच अपडेट करत बसली.
मग विचारते, काय कापायचंय?
कागद, जाड कागद, त्याहून जाड, चकचकीत, कातडं?
मला वाटायचं कागद म्हणजे कागद.

पहिलं हिमफूल चिकट मॅटवरून सुटेना.
उलथन्याने काढलं. तीन पाकळ्या आल्या,
तीन तिथेच राहिल्या.
दुसऱ्या वेळी पातं एवढं खोल गेलं
की कागदाखालची मॅटही कापली.
आता त्या मॅटवर एक हिमफूल आहे कायमचं,
सहाही पाकळ्या सारख्या,
माझ्या हातून झालेलं सगळ्यात सुबक काम.

ओट्टो सहा वर्षांचा. खिडकीला नाक लावून म्हणाला,
"बाहेर एवढी पडतायत, ती कोण कापतं?"
मी पातं बदलत होते.

मग नाताळचे मोजे, लाल, दुकानातून आणलेले,
त्यांवर पांढऱ्या व्हिनाइलची नावं. एवढं तर जमेल.
चारही नावं एकदमच कापली.
पण कापलेली अक्षरं आपली आपण सुटत नाहीत,
आकडीने नको तेवढं उपटून काढायचं असतं.
याला म्हणे निंदणी म्हणतात.
आयुष्यभर दुसऱ्यांचा गहू भरला,
निंदायला बसले ती पहिल्यांदा,
रात्री अकरा वाजता, टेबलाच्या दिव्याखाली,
बाहेर उणे सव्वीस.
तण कुठलं आणि पीक कुठलं कळेना.
एच्या पोटातला त्रिकोण जपून ठेवला
आणि ए फेकून दिला.
माझं नाव तिथेच संपलं.

इस्त्री फिरवली, वरचा कागद सोलला.
वेन्ला पाठमोरी.
शिक्षा म्हणून भिंतीकडे तोंड करून
उभ्या केलेल्या पोरांसारखी तिची अक्षरं.
मग राइमो. तोही पाठमोरा.
खोक्याच्या बुडाशी बारीक अक्षरात होतंच:
कापण्याआधी आरसा लावा.
वाचलं होतं मी. म्हटलं, आरसा कशाला,
या अवतारात मला बघणार कोण?

ओट्टोचा मोजा घेताना हात जड झाला.
इस्त्री ठेवली, मनात तीस मोजले, सोललं.
इकडून पाहिलं. तिकडून पाहिलं.
मोजा उलटा धरून पाहिला.
ओ, टी, टी, ओ.
कुठल्याही बाजूनं या, पोरगं घरी पोचतंच.

नाव ठेवताना भांडलो होतो आम्ही,
राइमोला लांबलचक हवं होतं, आजोबांचं.
मी म्हटलं होतं, छोटं असू दे,
डब्यावर लिहायला बरं.

सकाळी वेन्ला काहीच बोलली नाही.
अकराव्या वर्षी कोणी बोलतही नाही.
मोजा घेऊन बाहेरच्या खोलीत गेली,
बुटांच्या फळीवर चढली,
आरशाच्या बरोबर समोर खिळा ठोकला.
आता दारातून येणारा आधी आरशात तिचं नाव वाचतो,
मग वळून बघतो, आणि गोंधळतो.
ती तिथेच उभी असते, गोंधळ बघायला.

चौथा मोजा कोराच राहिला होता.
संध्याकाळी कामावरून आले
तर ओट्टोनं कचऱ्यातून माझं तण वेचलेलं:
त्याच्याच नावाच्या पोटातले दोन गोळे
आणि तो त्रिकोण.
डिंकानं चिकटवले होते, दोन डोळे, एक नाक.

"आणि तोंड?"

"तोंड नाही," म्हणाला,
"काल मी विचारलं, तू बोललीच नाहीस."