दोडका लिमिटेड

केरीचा फोन आला तेव्हा मी दोडका सोलत होते,
हेअरहिल्सच्या दुकानातला, किंचित जून,
शिरा बोटाला लागतील इतक्या धारदार.
कंपनीचं नाव काय लिहू? अकाउंटंटला घाई होती.
माझी तिन्ही नावं कुणीतरी आधीच घेतलेली.
समोर होतं ते सांगितलं.
तिनं स्पेलिंग विचारलं, की-बोर्ड वाजला,
"हे मोकळं आहे," म्हणाली.

अशी मी संचालक झाले, लीड्समध्ये, एका मंगळवारी,
एका शेअरची, एका नोकराची.
पहिल्या सभेला मी वेळेवर हजर होते.
ठराव मी मांडला,
अनुमोदनाची शिट्टी कुकरनं दिली.

नऊ वर्षांची कायम नोकरी सोडली होती.
इयन विचारत होता, काय कमी पडलं?
कमी काही नव्हतं.
दर मार्चमध्ये एका काचेच्या खोलीत बसून
पाच वर्षांनी मी कुठे असेन ते सांगायचं,
आणि पुढच्या मार्चमध्ये मी तिथेच असायची.
खिडकीखाली तोच कालवा, तीच बदकं,
हातात तीच जुनी पेरोलची सिस्टीम.
तिच्या पोटात काय आहे हे एकट्या मला ठाऊक,
म्हणून मला हलवायचं नाही
असं कुणीतरी, प्रेमानंच, ठरवलेलं.

आता एअर नदीच्या पलीकडे, विम्याच्या कंपनीत.
सहा महिने, दिवसाचा दर, आठवड्याची नोटीस.
गळ्यातली पट्टी लाल. त्यांच्या निळ्या.
निळ्यांना फळांची टोपली, फ्लूचं इंजेक्शन, डिसेंबरचं जेवण.
कुणी वाईट वागत नाही.
फक्त "पुढच्या वर्षी आपण" म्हणताना
कुणीतरी माझ्याकडे बघतं आणि वाक्य आवरतं.
याला आपल्याकडे एक शब्द आहे.
तो मी रीतसर फी भरून नोंदवून बसलेय.

(घरकर्जाचा माणूस म्हणाला, तीन वर्षांचे हिशेब आणा.
दोडक्याला अजून तीन महिने व्हायचेत.)

आप्पांना सांगायला मला चार रविवार लागले.
आप्पा पाटबंधारे खात्यात, कालव्याच्या कामावर,
अकरा वर्षं रोजंदारीनं.
मग एक कागद आला: रूपांतरित अस्थायी.
म्हणजे कायम का हो? आईनं विचारलं.
म्हणजे कायमचे तात्पुरते, आप्पा म्हणाले.
तरी तिनं गुळाचा सांजा केला, ओळखीच्या सगळ्या घरी पोचवला.
तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत, ट्रंकेच्या तळाशी,
आम्ही पोरांनी हात लावायचा नाही असा.
आणि मी सांगत होते,
मी तो आपण होऊन परत केला.

फोनमध्ये बराच वेळ नुसता पंखा फिरत होता.
"हजेरी कोण मांडतं?"
मीच, आप्पा. दर शुक्रवारी.
"अन् रविवार भरून देतात?"
नाही. बँक हॉलिडेसुद्धा नाही.
"मग आजारी पडायचं ते रविवारी," म्हणाले.
"आम्ही तसंच करायचो."
हसले असावेत.
इतक्या लांबून नक्की कळलं नाही.

या बुधवारी ताप चढला.
कॅमेरा बंद ठेवून, पांघरूण घेऊन
दुपारपर्यंत एक बग शोधला,
पुढे अक्षरंच हलायला लागली.
आज शुक्रवार, साडेचार, खिडकीबाहेर काळोख.
पाच चौकटी भरायच्या आहेत.
एक. एक.
बुधवारपाशी थांबले.
मुकादम नाही, शिट्टी नाही, कुणी बघत नाही.

अर्धा लिहिला.

संचालक म्हणून मंजूर केला,
नोकर म्हणून थोडी कुरकुर केली,
आणि उरलेला खोकला
रविवारसाठी ठेवून दिला.