पाठकोरी वही

मी या वाटेला का लागलो, ते इथे नाही सांगत.
त्याला रात्र लागेल, आणि बर्फाच्या कारखान्यात
माझी पाळी पहाटे चारची.

एवढंच, की चाळिशीत डोक्यावर पाणी घेतलं,
टॉवेलाने केस पुसले,
आणि पुढे काय, हे विचारायचंच राहिलं.
पाद्रीबाब तीन गावांना एकटे, मोटरसायकलवर.
किक मारता मारता म्हणाले,
पिएदादबायला भेट.

चिवल्याच्या वाळूत, रापणीच्या मांगरात
पायाच्या अंगठ्यात जाळं अडकवून ती बसलेली.
सुई थांबवली नाही.
"तू लवू मा? बर्फवालो?
बस. त्या दोरयेर नको, ओली आसा."

पहिल्या बुधवारी नुसती उठबस.
इगर्जीत उभं कधी राहायचं, गुडघ्यावर कधी यायचं.
"तिसऱ्या बाकड्यार बाल्तू बसता. तेका बघ नि तसा कर.
कानान कमी आसा, म्हणान सगळ्यांच्या मागसून बसता.
तू पण मागसून बस. कोण मरना नाय."

दुसऱ्या बुधवारी मी पिशवीतून जाड पुस्तक काढलं,
पहिल्या पानावर बोट ठेवलं.
तिने बोटच उचललं.
"हयसून नको. फुडे नावांचो चिखल आसा,
भल्याभल्यांची होडी रुतता.
चौघांनी एकच गोष्ट सांगल्यानी, त्यातली आखूड ती धर.
त्या माणसाक घाई होती.
तुकाय पाळी आसा."

मग आढ्यात खोचलेली वही काढून दिली.
भरती-ओहोटीची कोष्टकं, तेरा वर्षांमागची,
नवऱ्याची. तो तांडेल होता.
पाठकोऱ्या बाजूंना तिचं अक्षर, पेन्सिलीचं:
आज एवढंच वाच.
हे कळलं नाही तरी चालेल.
इथे राग येईल, येऊ दे.
कोणाशी भांडून आला असशील तर आज वाचू नको,
आधी त्याच्याकडे जा.

मी पानं उलटत गेलो. मे अखेरपर्यंत रोज काही ना काही,
आणि मग काहीच नाही.
जून कोरा. जुलै कोरा.
ऑगस्टात एक रेघ, तीही अर्ध्यात सोडलेली.
मी विचारलं नाही. तीच बोलली,
दातांनी दोरा तोडत.
"होडी इली, तो येवक नाय.
वही संपली, वर्स संपला, दुसरा संपला,
पुस्तक उघडूक नाय मी.
ता पण शिकवणीतलाच, लवू. ती पानां फाडू नको."

घरी मात्र मी शहाणपणा करायला निघालो.
तिन्हीसांजेला आई दिव्यात वात सारत होती
आणि मी, तीन बुधवारांचा विद्वान,
तोंड उघडलं.
ती म्हणाली, "काड्यापेटी दी."
दिली.

"उद्या कालवांक जावचा आसा. सुकती कधी?"
मी ऐटीत वही उघडली.
तेरा वर्षं शिळं पाणी.
तिने बोटांची पेरं मोजली.
"उद्या बीज. दोन तिथी, दीड तास.
दीडाक भरती, साडेसाताक सुकती.
ल्हानपणी शिकवलंय तुका, इसारलंस."
आणि मग, ज्योतीवरून नजर न काढता:
"पाठल्या बाजूक काय ता? वाच.
माका चष्मो गावना नाय."

तिथे लिहिलेलं ते वाचलं,
आणि पुस्तकातली आखूड गोष्ट, सुरुवातीची दोनेक पानं.
पाण्याच्या काठाने तो येतो, हाक मारतो,
आणि ते भाऊ जाळी टाकून उठतात.

आईने पदराला हात पुसले.
"उठले ता ठीक. पण मागसून जाळी कोणी ओढली?
बापूस एकटोच रवलो मा होडयेत?"

मला येईना.
बुधवारी विचारायचं म्हणून
एकोणीस जूनच्या कोऱ्या पाठीवर
लिहून ठेवलं. पेन्सिलीने, बारीक.