विरजण

ग्वाल्हेरात जानेवारीत दही लागत नाही.
हे मला तू गेल्यावर कळलं, सलोमी.
चाळीस वर्षं सकाळी ते लागलेलंच असायचं,
जशी तुझी प्रार्थना
मी उठायच्या आधी होऊन गेलेली असायची
आणि खुर्चीवरची शाल तेवढी उबदार.

आता पाचला मी उठतो,
पार्सल ऑफिसच्या सवयीनं, भक्तीनं नव्हे.
तुझ्या चष्म्याची डबी बाजूला सारतो,
शास्त्र उघडतो. जिथं तुझी पेन्सिलची खूण थांबली
तिच्यापुढं माझी एक ओढतो, वेडीवाकडी.

खुणेशेजारी तू तारीख लिहायचीस.
काही तारखांशेजारी नुसतं ‘कोरडं’.
सत्त्याण्णवच्या उपवासकाळात तर सलग एकोणीस दिवस
कोरडं, कोरडं, कोरडं.
मी याच घरात होतो, बाहेरच्या खोलीत पेपर वाचत.
मला वाटायचं
तू देवाशी बोलतेयस.

बाहेर धुकं. मोरारच्या पुलावर ट्रकचे दिवे पिवळे, आंधळे.
किल्ला चार दिवस दिसलेला नाही
आणि त्यामुळं कुणी घाबरलेलंही नाही.
हे पाळकसाहेबांना सांगितलं तर रविवारचा उपदेश होईल,
म्हणून नाही सांगितलं.
किल्ल्याची मला खात्री आहे. तेवढीच.

शुक्रवारचा उपवास धरला तुझ्यासारखा.
दुपारी दोनला गजकेचा डबा उघडला
आणि उभ्या उभ्या अर्धा संपवला.
गुडघे टेकले की गुडघेच आठवतात.
‘हे पित्या’ म्हणतो,
आणि पुढचा शब्द
पत्ता पुसलेल्या पार्सलासारखा
गोदामात पडून राहतो.

शेवटी शेजारच्या भदौरिया भाभींकडं वाटी घेऊन गेलो.
सत्तरीचा माणूस, आणि मागायचं काय,
तर चमचाभर विरजण.
दूध किती कोमट, ते त्यांनी बोट बुडवून दाखवलं,
पातेलं माझ्या जुन्या स्वेटरात गुंडाळायला लावलं,
तुझ्या पिठाच्या रिकाम्या डब्यात ठेवायला लावलं,
आणि म्हणाल्या,
‘बार-बार खोलके मत देखना, भैया.
हिलाया तो जमेगा नहीं.’

रात्री तीनदा उठलो.
दोनदा झाकण काढलं.
तिसऱ्यांदा डब्याच्या पत्र्यावर नुसता हात ठेवला,
आत काय चाललंय ते न विचारता,
आणि अनवाणी, गार फरशीवर
उभा राहिलो बराच वेळ.
ती प्रार्थना होती का, ठाऊक नाही.
शब्द एकही निघाला नाही.

सकाळी वर पाणी, खाली ढिलं,
दही म्हणावं, न म्हणावं असं.
साखर घालून खाल्लं.
खाण्याआधी चमचाभर मात्र काढून ठेवलं बाजूला,
तू ठेवायचीस तसं.
मी त्याला कंजूषपणा म्हणायचो.

मग पेन्सिल घेतली. आजची तारीख.
‘कोरडं’ लिहिणार होतो,
पण ते खोटं झालं असतं, आणि तुझ्या अक्षराशेजारी
खोटं लिहायला हात धजेना.
बराच वेळ टोक चावत बसलो.
लिहिलं:
‘ढिलं. उद्या परत.’